अर्ध्या तासाची गोळी आणि सहा आठवड्यांची गोळी

माझ्याकडे चिंताविकाराचे जे रुग्ण येतात, त्यांतल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न आजाराबद्दल नसतो, गोळीबद्दल असतो. "डॉक्टर, हिची सवय तर नाही ना लागणार?" प्रश्न अगदी रास्त आहे. पण तो विचारला जातो एसिटालोप्रामबद्दल. आणि विचारणाऱ्याच्याच पाकिटात अल्प्राझोलामची अर्धी संपलेली स्ट्रिप असते. कधीकाळी कुणीतरी आठ दिवसांसाठी लिहून दिलेली, पुढे त्याच जुन्या चिठ्ठीवर आणि मग चिठ्ठीशिवायही वर्षानुवर्षे चालू राहिलेली. तिच्याबद्दल हा प्रश्न त्याला कधी पडलेला नसतो. ती घेतली की अर्ध्या-पाऊण तासात छातीतली धडधड शांत होते, आणि जी गोळी इतक्या लगेच जिवाला आराम देते ती पुढे त्रास देईल असे कुणाच्या मनात येत नाही.

ज्या औषधाबाबत सावध राहायचे ते आपण निर्धास्तपणे घेत राहतो, आणि ज्याने आजार खरोखर आटोक्यात येतो त्याला घाबरून दोन आठवड्यांत सोडून देतो. चिंताविकाराच्या औषधोपचारातले सर्वांत मोठे नुकसान मी याच ठिकाणी होताना पाहतो. चिंताविकाराच्या औषधांची माहिती रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना सोप्या मराठीत देणाऱ्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहावीशी वाटली ती म्हणूनच.

आधी आजाराविषयी. जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर, म्हणजे सार्वत्रिक चिंताविकार, हा कुठल्या एका गोष्टीच्या भीतीचा आजार नव्हे. मुलाची स्कूलबस पाच मिनिटे उशिरा आली, साहेबांनी केबिनमध्ये बोलावले, नवऱ्याला खोकला झाला, घराचा हप्ता जवळ आला. मन प्रत्येक गोष्टीचे टोक गाठते आणि तिथून परत येत नाही. काळजी सगळेच करतात. आजार म्हणायचे तेव्हा, जेव्हा ही काळजी निदान सहा महिने, बहुतेक दिवशी, आवरू म्हटले तरी आवरत नाही आणि शरीर तिचा भार वाहू लागते. अस्वस्थपणा, लवकर येणारा थकवा, लक्ष न लागणे, चिडचिड, मान-खांदे आखडणे, झोपेची वाताहत या सहांपैकी निदान तीन तक्रारी असल्या आणि त्यांपायी रोजचे जगणे अडू लागले, तर निदान पक्के होते.

यात शरीराच्या तक्रारी इतक्या ठळक असतात की माणूस आमच्याकडे सगळ्यांत शेवटी येतो. त्याआधी ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, एन्डोस्कोपी असे सगळे झालेले असते. फाइल जाडजूड होते, प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि घरचे म्हणू लागतात, "तुला काही झालेलं नाही, उगाच टेन्शन घेतेस." त्या बाईला मात्र काहीतरी झालेले असते. रिपोर्ट नॉर्मल आहेत याचा अर्थ त्रास खोटा आहे असा कधीच होत नाही.

या आजाराला वेगळी ओळख मिळायलाही बराच काळ लागला. सिग्मंड फ्रॉइडने १८९५मध्ये चिंतेच्या विकाराला मज्जातंतूंच्या सरसकट दुबळेपणापासून वेगळे काढले. सार्वत्रिक चिंताविकार हे नाव अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात आले ते थेट १९८०मध्ये. तेव्हा महिनाभराची चिंता निदानाला पुरेशी होती. १९८७मध्ये ती मुदत सहा महिन्यांवर नेली गेली. आज बहुतेक दवाखान्यांत वापरली जाणारी सात प्रश्नांची जीएडी-७ ही मोजपट्टी २००६ची आहे. तीत शून्य ते एकवीस गुण मिळतात, आणि दहा किंवा अधिक गुण आल्यास सविस्तर तपासणी करावी असा संकेत आहे.

औषध सुरू करण्याआधीची एक पायरी आपल्याकडे अनेकदा गाळली जाते. थायरॉइड जास्त काम करत असेल तर हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते; हुबेहूब चिंतेसारखे. दम्याच्या पंपातले सालब्युटामॉल, स्टेरॉइडच्या गोळ्या, दिवसाला सात-आठ कप चहा, आणि रात्री घेतलेल्या दारूचा सकाळी उतरणारा अंमल, यांतले काहीही हे चित्र उभे करू शकते. तेव्हा आधी थायरॉइडची तपासणी आणि सवयींची मोकळी विचारपूस, मग निदान.

आता औषधे. झटपट आराम देणाऱ्या गोळीचा इतिहास थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण आपला आजचा घोळ त्याच वाटेने आलेला आहे. एकोणिसाव्या शतकात अस्वस्थ माणसाला ब्रोमाइड देत. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०३मध्ये, पहिले बार्बिट्युरेट बाजारात आले. झोप लागे, पण योग्य मात्रा आणि जीवघेणी मात्रा यांत अंतर फार थोडे होते. मग १९५५मध्ये अमेरिकेत मेप्रोबामेट आले, मिलटाउन या नावाने. फ्रँक बर्गर या शास्त्रज्ञाला इंग्लंडमध्ये पेनिसिलिन टिकवण्याच्या खटपटीत असताना एका रसायनाने प्राणी शांत आणि सैल पडतात असे दिसले होते. त्या धाग्याचा त्याने पुढे अमेरिकेत जाऊन पाठपुरावा केला. मिलटाउनवर अमेरिकेच्या अक्षरशः उड्या पडल्या. काळजीवर गोळी असते ही कल्पना मध्यमवर्गीय घरात शिरली ती तेव्हा.

त्याच लाटेत न्यू जर्सीतल्या नटली गावी, रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत, लिओ स्टर्नबाख हा रसायनशास्त्रज्ञ काम करत होता. पोलंडमध्ये शिकलेला हा ज्यू संशोधक युद्धकाळात, १९४१मध्ये, युरोप सोडून अमेरिकेत आला होता. क्राकोवमध्ये रंगद्रव्यांवर काम करताना हाताळलेल्या रसायनांकडे तो पुन्हा वळला होता, पण हाती काही लागले नव्हते. १९५७मध्ये टेबलाची आवराआवर करताना त्याच्या एका सहकाऱ्याला कधीच न तपासलेला एक नमुना सापडला. टाकून देण्याऐवजी तो चाचणीला पाठवला गेला. तेच क्लोरडायझेपॉक्साइड, १९६०मध्ये लिब्रियम नावाने विक्रीला आलेले. पाठोपाठ १९६३मध्ये डायझेपाम, म्हणजे व्हॅलियम आले. बार्बिट्युरेटच्या तुलनेत ही औषधे खरोखरच सुरक्षित होती, आणि म्हणूनच ती बेफिकिरीने दिली गेली. पुढची अनेक वर्षे व्हॅलियम हे अमेरिकेत सर्वाधिक लिहिले जाणारे औषध होते. आपल्या ओळखीची अल्प्राझोलाम १९८१मध्ये अमेरिकेत आली. क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम याच कुळातल्या.

हे कूळ म्हणजे बेन्झोडायझेपिन. मेंदूत गाबा नावाचे एक रसायन चेतापेशींची उत्तेजना खाली आणत असते. ही औषधे गाबाचा परिणाम वाढवतात. म्हणून काम तासाभराच्या आत होते. पण रोज घेतल्यास मेंदू त्या जादा मदतीला जुळवून घेतो. काही आठवड्यांनी तीच गोळी पूर्वीइतकी लागू पडत नाही, आणि एखादा दिवस चुकला तर धडधड दुपटीने परतते. रुग्णाला वाटते आजार वाढला. खरे तर अनेकदा ती गोळी सुटल्याची धडधड असते. लंडनमध्ये माल्कम लेडर यांनी या अवलंबित्वाबद्दल इशारे दिले, आणि न्यूकॅसलमध्ये हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२पासून बारा वर्षे केवळ या गोळ्या सोडवण्यासाठी दवाखाना चालवला. गोळी अतिशय सावकाश, महिनोन्महिने उतरवत न्यायची ही पद्धत आज जगभर मानली जाते ती मुख्यतः त्यांच्या कामामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचना तर स्पष्टच सांगतात: सार्वत्रिक चिंताविकाराच्या उपचारासाठी बेन्झोडायझेपिन नको, तीव्र, असह्य चिंतेच्या प्रसंगी द्यावीच लागली तर तीन ते सात दिवसच.

या औषधांना मी वाईट म्हणत नाही. योग्य वेळी, मोजक्या दिवसांसाठी ती फार उपयोगी आहेत. पण साठी ओलांडलेल्या माणसाला ती रोज रात्री देणे म्हणजे बाथरूमच्या वाटेवर पडून खुब्याचे हाड मोडण्याची शक्यता वाढवणे. स्मरण मंदावते, गाडी चालवताना प्रतिक्रिया उशिरा येते. दारूबरोबर किंवा अफूवर्गीय वेदनाशामकांबरोबर घेतल्यास श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो. आणि दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. म्हणून हे वाचून कुणीही आज रात्रीपासून आपली गोळी बंद करू नये. मात्रा दर दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्क्यांनी कमी करत, डॉक्टरांच्या नजरेखाली, ही वाट पार करायची असते. ती पार होते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

आपल्या देशात अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड ही औषधे १ मार्च २०१४पासून एच-१ परिशिष्टात आहेत. वेष्टनावर लाल चौकटीत इशारा असतो, आणि मेडिकलवाल्याने चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव आणि दिलेली संख्या नोंदवून ती वही तीन वर्षे जपायची असते. नियम चांगला आहे. तो पाळला जातो तिथे रुग्ण वाचतो. आणखी एक गोष्ट वाचकाने तपासावी: पोटदुखीसाठी किंवा आमांशासाठी म्हणून दिलेल्या काही संयुक्त गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड असते, आणि एसिटालोप्राम व क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी तर आपल्याकडे सर्रास लिहिली जाते. त्या एका गोळीत दोन्ही प्रकार असतात, एक महिनोन्महिने घ्यायचा आणि एक लवकर थांबवायचा. दोन्ही एकाच गोळीत बांधले की दुसरा थांबवायचा राहूनच जातो. मला हे संयोग पसंत नाहीत.

आता दुसरी गोळी, जी सहा आठवडे मागते. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन हा एक गट. व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिन हा त्याचा शेजारी. मूळची ही नैराश्याची औषधे, आणि म्हणूनच चिठ्ठी इंटरनेटवर शोधणारा नातेवाईक फोन करतो, "आईला डिप्रेशन नाहीये, मग ही गोळी का?" कारण तीच औषधे चिंतेवरही काम करतात. याचा एक चांगला पुरावा १९९३मध्ये मिळाला. कार्ल रिकेल्स आणि सहकाऱ्यांनी सार्वत्रिक चिंताविकाराच्या २३० रुग्णांवर आठ आठवडे तुलना केली: नैराश्यावरची जुनी औषधे इमिप्रामिन आणि ट्रॅझोडोन, डायझेपाम, आणि औषध नसलेली नुसती गोळी. पहिल्या दोन आठवड्यांत डायझेपाम सरस ठरले. तिसऱ्या आठवड्यापासून चित्र पालटले, आणि अखेरीस उपचार पूर्ण करणाऱ्यांत इमिप्रामिनच्या ७३ टक्के, तर डायझेपामच्या ६६ टक्के रुग्णांना चांगला आराम होता. नुसत्या गोळीनेही ४७ टक्के लोकांना बरे वाटले. हा शेवटचा आकडा मी मुद्दाम सांगतो, कारण औषधाचा उपयोग खरा असला तरी तो चमत्कार नाही, आणि विश्वास, नियमित भेटी, ऐकून घेणारे माणूस यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

त्यानंतर अमेरिकेत सार्वत्रिक चिंताविकारासाठी व्हेन्लाफॅक्सिनला १९९९मध्ये, पॅरॉक्सेटिनला २००१मध्ये, एसिटालोप्रामला २००३मध्ये आणि ड्युलोक्सेटिनला २००७मध्ये मान्यता मिळाली. सर्ट्रालिनला या आजारासाठी अशी अधिकृत मान्यता नसतानाही ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने २०११मध्ये, परिणाम आणि खर्च यांचा मेळ पाहून, आधी तीच द्यावी असे सुचवले. २०१९मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ८९ चाचण्या आणि पंचवीस हजारांहून अधिक रुग्ण एकत्र तपासले गेले. एसिटालोप्राम, व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन आणि प्रेगाबालिन ही परिणामकारक आणि रुग्णांना बऱ्यापैकी सोसणारी ठरली. क्वेटियापिनचा परिणाम मोठा दिसला, पण ती अनेकांना सोसली नाही. वजन आणि साखर वाढवणारे हे औषध या आजारात आधी काढायचे नसते.

खरी परीक्षा असते ती पहिल्या पंधरा दिवसांची. मळमळते, डोके जड होते, आणि काहींची चिंता सुरुवातीला चक्क वाढते. नेमके त्याच दिवसांत फायदा काहीच जाणवत नाही. ही औषधे मेंदूतल्या सेरोटोनिनवर काही तासांतच काम सुरू करतात, पण पेशी त्या बदलाला सावकाश सरावतात आणि आराम दोन ते सहा आठवड्यांत येतो. हे कुणी आधी सांगितलेले नसले की रुग्ण चौथ्या दिवशी म्हणतो, "गोळी लागली नाही, उलट त्रास वाढला," आणि पुन्हा अर्ध्या तासाच्या गोळीकडे वळतो. म्हणून एसिटालोप्राम पाच मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याने दहावर नेणे मला श्रेयस्कर वाटते. चिंताविकाराच्या रुग्णाला घाई सोसत नाही.

काही त्रास असे असतात की रुग्ण लाजेने बोलत नाही आणि डॉक्टर विचारत नाही. लैंगिक इच्छा आणि समाधान कमी होणे हा त्यांतला सर्वांत मोठा. नवराबायकोत त्यावरून अबोला येतो आणि गोळी गुपचूप बंद होते. हे विचारलेच पाहिजे, आणि रुग्णाने सांगितलेच पाहिजे. मात्रा किंवा औषध बदलून मार्ग निघतो. वयस्करांत रक्तातले सोडियम उतरू शकते, त्याने गोंधळल्यासारखे होते. अ‍ॅस्पिरिन किंवा सांधेदुखीच्या गोळ्या सोबत असल्यास पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना याकडे घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे. अमेरिकी औषध प्रशासनाने तसा ठळक इशारा २००४पासून मुलांसाठी आणि २००७पासून तरुणांसाठीही छापायला लावला आहे. व्हेन्लाफॅक्सिन घेणाऱ्याने रक्तदाब तपासत राहावे. गर्भधारणेचा विचार असेल तर पॅरॉक्सेटिन टाळावी, आणि औषध आधीच चालू असेल तर स्वतःहून बंद न करता आधी बोलावे.

मग सवयीचे काय? या गोळ्यांची ओढ लागत नाही, मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. पण एकदम बंद केल्यास चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, विचित्र स्वप्ने, चिडचिड होते; पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनमध्ये जास्त. याला डॉक्टरांनी किरकोळ म्हणू नये. कमी करत बंद केले की बहुतेकांना ते सोसते.

इतर पर्यायांविषयी थोडक्यात. बुस्पिरोन १९८६पासून अमेरिकेत आहे. तिची सवय लागत नाही, झोप येत नाही, पण दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते आणि परिणामाला काही आठवडे लागतात. तिला न्याय मिळाला नाही असे माझे मत आहे. प्रेगाबालिनला युरोपने २००६मध्ये या आजारासाठी मान्यता दिली. ती आठवड्याभरात काम करते, पण गुंगी, वजनवाढ आणि गैरवापर या तक्रारींमुळे ब्रिटनने २०१९मध्ये तिला नियंत्रित औषध ठरवले. खाजेसाठी दिली जाणारी हायड्रॉक्सिझिन चिंता कमी करते आणि झोपही आणते. प्रोप्रॅनोलॉल भाषणाआधीची किंवा तोंडी परीक्षेआधीची थरथर थांबवते. सार्वत्रिक चिंताविकारावर तिचा भरवशाचा पुरावा नाही, आणि दमा असणाऱ्याने ती घेऊ नये. अश्वगंधा अनेक जण स्वतःहून घेतात. यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत आणि थायरॉइडवरही तिचा परिणाम होतो. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

बरे वाटू लागले की पुढचा प्रश्न येतो, किती दिवस? आराम पडल्यानंतर निदान सहा महिने ते वर्षभर. २०१७मध्ये 'बीएमजे'त आलेल्या विश्लेषणात चिंताविकारांचे पाच हजारांहून अधिक रुग्ण होते. औषध चालू ठेवलेल्यांपैकी १६ टक्क्यांचा, तर बंद केलेल्यांपैकी ३६ टक्क्यांचा आजार वर्षभराच्या आत उलटला. याचा अर्थ आयुष्यभर गोळी असा मुळीच नाही. बंद केलेल्यांतले बहुसंख्य त्या काळात बरेच राहिले. घरात लग्न, बदली, परीक्षा असा ताणाचा काळ नसताना, ठरवून, सावकाश बंद करावे एवढेच.

औषधांचे हे पुस्तक असले तरी त्यात विचार-वर्तन उपचारांना जागा दिली आहे, ते योग्यच झाले. या उपचाराचा परिणाम औषधाच्या तोडीचा आहे. जॉर्जटाउन विद्यापीठातल्या एलिझाबेथ होग आणि सहकाऱ्यांनी चिंताविकारांच्या रुग्णांत आठ आठवड्यांचे सजगतेचे प्रशिक्षण आणि एसिटालोप्राम यांची तुलना केली, तेव्हा प्रशिक्षण औषधापेक्षा कमी पडले नाही. अडचण आहे ती उपलब्धतेची. पुण्या-मुंबईत असे उपचार करणारी माणसे मिळतात, तालुक्याच्या गावी क्वचित. जिथे फक्त गोळीच मिळू शकते तिथे ती नीट समजून, नीट मुदतीने घेणे हाच शहाणपणाचा उपचार आहे, आणि तिथल्या रुग्णाला गोळी घेतल्याबद्दल दुबळे ठरवण्याचा कुणालाही अधिकार नाही.

वाचकांना माझी विनंती आहे. पुढच्या भेटीला जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून न्या: झोपेची, ॲसिडिटीची, गुडघेदुखीची, आयुर्वेदिक, शेजारच्या वहिनींनी दिलेली, सगळ्या. प्रत्येक गोळीबद्दल विचारा की ही किती दिवस घ्यायची आणि थांबवायची कशी. उत्तर चिठ्ठीवर लिहून मागा. ज्यांच्या गावात मानसोपचारतज्ज्ञ नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क आणि मराठीतही बोलता येते.